पाहुणी येणार आणि गाव पळणार

९ नोव्हेंबर, रविवार

सहाव्यांदा मधुमेह! शेवटी मी उभी राहिले आणि म्हटलं, "भाई, आता मधुमेहालाच क्लबाचा सभासद करून घ्या. वर्गणीदार सभासदांपेक्षा जास्त वेळा येतो तो."

सगळे हसले. भाईपण हसले, म्हणजे अर्धं काम झालं. भाई आमच्या पंचक्रोशी सेवा क्लबाचे अध्यक्ष. मालवण रस्त्याला त्यांचं पर्यटकांसाठी न्याहारी-निवास आहे. माइक हातात आला की त्यांची मालवणी पळते आणि शुद्ध मराठी येऊन बसते. मी सचिव. म्हणजे टपाल मी, चहा मी, वार्तापत्र मी, आणि चुका झाल्या तर त्याही मीच. डिसेंबरच्या जाहीर कार्यक्रमाला वक्ता कोण आणायचा यावर आज सगळी सभा गेली. भाईंचे मेहुणे डॉक्टर आहेत, म्हणून दरवर्षी मधुमेह.

मी नाव सुचवलं दीपिका मिठबावकरचं. मूळ देवगडची, आता गोव्यात असते. शिडाच्या एवढ्याशा होडीतून एकटी गोव्याहून सेशेल्स बेटांपर्यंत गेली आणि तशीच परत आली. पेपरात फोटो आला होता, उन्हानं काळीठिक्कर आणि हसतेय. आमचा खजिनदार सुदेश म्हणतो, "एकटीच? मगे थय जेवण कोण करी?" म्हटलं, "तीच. तुझ्यासारखा घोव सोबत नेला असता तर दोघांचं करावं लागलं असतं." ठराव एकमतानं पास.

आता खरं ते लिहिते, इथे कोण वाचतंय! क्लबाचं भलं मला हवंच आहे. पण दीपिका हवी आहे ती ह्यांच्यासाठी. हे तीस वर्षं मोठ्या मालवाहू बोटींवर होते, इंजिनात. दोन वर्षांपूर्वी कायमचे घरी आले आणि ओटीवर बसले ते बसलेच. पीत नाहीत, भांडत नाहीत, जेवणाला नावं ठेवत नाहीत. फक्त बोलत नाहीत. समुद्राचं तर नाव काढायचं नाही. खाडी मागच्या दारी आहे, पण तिकडे कधी तोंड करून उभे राहिले नाहीत.

दर्यावर राहिलेलं दुसरं माणूस समोर बसून बोललं तर ह्यांचंही तोंड उघडेल, असं आपलं मला वाटतं. त्या दिवशी येऊन खुर्चीत बसावं आणि घरी आल्यावर माझ्याशी चार गोष्टी बोलाव्यात. बस, एवढंच! तीस वर्षं नवरा घरात नव्हता. आता आहे, तर त्याचा आवाज तरी असावा की नको?

१० नोव्हेंबर

ह्यांना सांगितलं — बाई, एकटी, शिडाची होडी, सेशेल्स!

"हां," म्हणाले. आणि मिक्सर खोलायला घेतला. मिक्सर चांगला चालत होता.

१६ नोव्हेंबर, रविवार

किनारा सफाई झाली. पोती भरभरून कचरा निघाला. चपला तर इतक्या, आणि एकीला दुसरी जुळेल तर शपथ. भाईंनी पोत्यावर उभं राहून भाषण केलं, "हा किनारा आपली माता आहे." मातेच्या अंगावर पानाची पिचकारी कोणी मारली ते मी पाहिलं होतं, पण सचिवाला सगळंच बोलता येत नाही.

दुपारी दीपिकाचा फोन आला. मला वाटलं, आता इंग्रजी बोलायला लागते की काय! तर पलीकडून, "काकी, मी येतंय. मानधन-बिनधन नको. जेवणात तिसऱ्या मिळतीत मा?" म्हटलं, बाई गं, तिसऱ्याच काय, खाडीतले सगळे शिंपले उपसून घालते तुझ्या ताटात.

तिला डिसेंबरचा एकच शनिवार मोकळा होता, तेरा तारीख. नंतर होडी घेऊन कोचीला जायचंय तिला. मी शाळेत फोन केला. हॉल रिकामा. भाईंना विचारलं. भाईही रिकामे. तारीख पक्की!

२३ नोव्हेंबर, रविवार

क्लबाचं नेत्रशिबिर झालं. आमच्या शेजारच्या हौसाकाकीला चष्मा मिळाला. ऐंशी ओलांडलेली बाई. डोळ्यावर चढवला, मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि सगळ्या रांगेसमोर म्हणते, "किशोरी, तू इतकी म्हातारी कदी झालंस गो?"

वार्तापत्रात लिहिलं — शिबिराच्या लाभार्थींनी उत्स्फूर्त आनंद व्यक्त केला.

संध्याकाळी पुण्याहून संचिताचा फोन. दीपिकाचं सांगितलं. लेक माझीच, लगेच ओळखलं तिनं. "आई, तू बाबांना पुन्हा ढोसणार. राहू दे ना त्यांना निवांत." तिचं बरोबर आहे. तिला ते असेच माहीत आहेत, सुट्टीवर आलेला पाहुणा. मला मात्र लग्नानंतरचे पहिले दोन महिने आठवतात. तेव्हा हे इतकं बोलायचे की सासूबाई आतून खाकरायच्या.

२७ नोव्हेंबर

निमंत्रणपत्रिका छापून आल्या. एक ह्यांच्या चष्म्याखाली ठेवली. थोड्या वेळानं बघते तर चष्मा नाकावर, पेपर हातात आणि पत्रिका होती तिथेच.

"येतलात मा?"

"बघूया."

आमच्याकडे 'बघूया' म्हणजे नाही. लहान पोराला विचारा.

३ डिसेंबर, बुधवार

देवा महाराजा, काय करून बसले मी!

सकाळी लवूदादा देवळातून थेट आमच्या अंगणात. लवूदादा म्हणजे देवाचे मानकरी, गावाचं गाऱ्हाणं तेच घालतात. म्हणाले, "देवान कौल दिलो गो. बाराक गावपळण."

हातातली सुपली तशीच राहिली. बारा तारखेला गाव बाहेर म्हणजे पंधरापर्यंत आत पाऊल नाही. आणि माझा कार्यक्रम तेराला, गावातल्या शाळेत!

दर तिसऱ्या वर्षी देवाचा कौल घ्यायचा आणि अख्खा गाव खाली करायचा. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळं वेशीबाहेर. तीन रात्री गावात चूल नाही, दिवा नाही. आचऱ्याची गावपळण मोठी, तिचे फोटो पेपरात येतात. आमच्या गावाला कोण विचारतो? पण मी ह्या गावची सून! यंदा तिसरं वर्ष आहे हे मला कळू नये? इतर जगात तारीख ठरवताना हॉल रिकामा आहे का बघतात. आमच्याकडे गाव भरलेला आहे का, ते आधी देवाला विचारावं लागतं. मी शाळेच्या शिपायाला विचारलं.

४ डिसेंबर

तातडीची सभा. भाईंच्या हातात माइक नव्हता, त्यामुळे सगळं मालवणीत झालं. "सचिव ह्या गावची! आणि सचिवाक म्हाईत नाय तेरा तारखेक गाव खंय असतलो ता!" बरोबरच आहे. मी मान खाली घालून लाडू फिरवले.

पत्रिका वाटून झालेल्या. पुढे ढकलावं तर दीपिका कोचीला. रद्द करावं तर — क्लबाची अब्रू एकीकडे, माझं गुपित एकीकडे. बाहेर येऊन तिला फोन लावला.

सगळं सांगितलं. मग ती जी हसायला लागली! मला वाटलं फोन बिघडला. म्हणाली, "काकी, अख्खो गाव घर सोडून भायर जाता? आणि माका तुमी शाळेत बसवतलात? मी थयच येतंय, पळणीत."

आत येऊन सांगितलं तर भाईंना दुसरीच चिंता. "तिचे ढीगभर फोटो आसत. पडदो खंय लावतलंस? म्हशीच्या पाठीर?"

मग लवूदादांची परवानगी. ते म्हणाले, "भजन चलता, फुगडी चलता, दशावतार चलता. भाषणान देवाचा काय जाता? पण भाईक सांगा, लांबड लावूची नाय."

५ डिसेंबर

रात्री जेवताना हे आपणहून म्हणाले, "पळणीत भाषण? गुरां दावी तोडून गावात परत जातली."

गेल्या आठवड्यातलं सगळ्यात मोठं वाक्य. मला राग यायला हवा होता, पण तेवढ्यात डोक्यात उजेड पडला. पळणीत ओटी नाही, दार नाही, मिक्सर नाही. हे पळून पळून जाणार कुठे?

बरं झालं देवानं कौल दिला!

११ डिसेंबर

बांधाबांध. तांदूळ, पीठ, सुकी कोलंबी, टोप, कंदील, चटया. कोंबड्या टोपलीत घालताना एक कौलावर चढली. तिची समजूत घालण्यात सकाळ गेली.

हौसाकाकीचं एकच पालुपद, "माझो चष्मो खंय?" चष्मा डोळ्यावर.

१२ डिसेंबर, शुक्रवार

बाहेर पडलो. देवळात ढोलांचं वाजप झालं आणि सगळी वाडी चालायला लागली. पुढे गुरं, मागे माणसं, टेम्पोत गाद्या आणि म्हाताऱ्या. मी दाराला कडी लावली. दर वेळी त्या कडीच्या आवाजाला मला भरून येतं, आणि चार पावलं गेल्यावर शाळेच्या सहलीला निघाल्यासारखं वाटतं. हे काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही.

खाडीच्या पुलापलीकडे शेजारच्या गावची हद्द. तिथल्या कापलेल्या मळ्यात राहुट्या पडल्या. मागच्या पळणींना हे बोटीवर होते, मी आणि हौसाकाकी मिळून वाकडंतिकडं काहीतरी उभं करायचो. ह्या वेळी ह्यांनी बांबू रोवले, वर माडाची झापं घातली, सुंभाच्या अशा गाठी मारल्या की शेजारचे बघायला आले. एकाची राहुटी पडत होती, तीही बांधून दिली. तोंडातून शब्द नाही, पण कामात हात असे चालत होते की मी भाकऱ्या थापायच्या सोडून बघत बसले. एक करपली.

मात्र जागा निवडली ती मळ्याच्या पार टोकाला. भाषण मधल्या सपाटीवर. हुशार आहेत! भाई तयारी बघायला आले होते, मी लगेच त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, मधे शेण फार आहे, कार्यक्रम आमच्या टोकाला घेऊया.

१३ डिसेंबर, शनिवार

काय दिवस गेला! कंदिलाशी बसून लिहितेय, अक्षर कसंही येवो.

दीपिका दुपारी आली. गाडीतून उतरली ती सरळ हौसाकाकीच्या पाया पडली आणि तिसऱ्यांच्या टोपाकडे गेली. दोनदा वाढून घेतलं. मला ती तिथेच आवडली.

चारला सगळे जमले. क्लबाच्या कार्यक्रमाला एवढी माणसं मी जन्मात पाहिली नव्हती. अर्थात जाणार कुठे बिचारी? आधी लवूदादांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, तुझो शब्द राखून आज तुझ्या लेकरांनी गाव खाली केलो..." सगळे, "व्हय म्हाराजा!" "ह्या जा चेडू एकटां दर्या फिरान इला, तेका तुया राखलंस, फुडेय राख..." "व्हय म्हाराजा!" दीपिकाचे डोळे भरले. एवढ्यात लवूदादा, "आणि ह्या क्लबान तुका इचारल्याशिवाय तारीख ठरवल्यान, तेंची चूक पोटात घाल रे म्हाराजा..." त्याला जो काय होकार आला, तो पलीकडच्या गावात ऐकू गेला असेल. भाई माझ्याकडे बघत होते. मी आभाळाकडे.

पडदा नव्हताच. दीपिकानं बायकांकडून रांगोळी मागून घेतली आणि मळ्यात आपली होडी काढायला लागली, खरोखरची जेवढी आहे तेवढी. पुढचं टोक, म्हणजे नाळ, इथे, झोपायची फळी इथे, चूल इथे. काढत काढत आमच्या राहुटीपर्यंत आली. हे राहुटीच्या तोंडाशी पाठ करून, उलट्या टोपलीवर बसले होते. ती थांबली नाही. ह्यांच्या मागून रेघ फिरवून आणली. हे होडीच्या आत!

"आता सगळ्यांनी आत येवन बसा," म्हणाली. लोक शिरले, मांडीला मांडी लावून. बाकीचे रेघेबाहेर उभे. भाईंना तिनं संडासाची जागा दाखवली. भाई तिथे उभे राहिले तर अर्धे समुद्रात. लोक हसून हसून लोळले.

मग सांगायला लागली. विषुववृत्ताजवळ वारा पडला, शिडं ओल्या लुगड्यासारखी लोंबत राहिली, होडी जागची हलेना. काही काम नाही, मग कांदे मोजायचे, स्वतःशी भांडायचं. सकाळी उठावं तर उडते मासे आपणहून फळीवर येऊन पडलेले. "बाजारात न जाता म्हावरां, आणि तेय ताजां." हौसाकाकी म्हणाली, "भाव करूचो ऱ्हवलो मगे!" मग वादळ. डोलकाठीची एक तार तुटली. काठी गेली तर सगळंच गेलं, म्हणून ही बाई दोर कमरेला बांधून त्या हलत्या काठीवर चढली. वर गेल्यावर एवढी घाबरली की आईला शिव्या घातल्या, मला जन्म कशाला दिलास म्हणून. तार बांधली, खाली आली आणि कच्चे पोहे खाल्ले. कोणी श्वास घेत नव्हतं. एक रेडकू तेवढं ओरडत होतं.

मी ह्यांच्याकडे बघत होते. पाठ तशीच.

शेवटी ती होडीचा एकेक भाग दाखवायला लागली. पायऱ्यांखाली इंजिन, असं म्हणून वळली तर तिथे हे. "काका, उठू नकात. तुमी इंजिनार बसलात."

सगळे हसले. आणि हे, पाठ न वळवता, म्हणाले, "थयच बसतंय मी. तीस वर्सां."

ती भाषण सोडून त्यांच्यासमोर जाऊन खाली बसली. "बोटीवर इंजिनात होतात? मगे माका एक सांगा काका. मी वर आसतंय, लाट येताना माका दिसता. तुमी खाली. तुमका कळता कसां?"

ह्यांनी चपलेतून पाय काढून जमिनीवर टेकवला. मग म्हणाले, "पायाक कळता."

आणि बोलायला लागले. हळूहळू, आधी जमिनीकडे बघून. बोट लाटेवर चढते, मागचा पंखा पाण्याबाहेर येतो आणि इंजिन मोकळं सुटतं, पिसाळल्यासारखं. सगळी बोट थरथरते. पंखा पुन्हा पाण्यात पडेपर्यंत हात इंजिनावर ठेवून उभं राहायचं. "भय वाटा?" दीपिकानं विचारलं. "भियाक येळ खंय?" मग म्हणाले, "लोक इचारतत, दर्या कसो, देश कसे. माका काय म्हाईत? मी दर्या बघलंयच खंय! बंदराक लागलो काय आमचा काम सुरू. सिंगापूर म्हणजे माका एक फुटको पायप." लोक हसले. हे पण हसले. "वर काय चलता ता माका आयज कळला, ह्या चेडवाच्या तोंडान."

मग थांबेचनात. दूध काढायची वेळ झाली तरी कोणी उठेना. दंडावरचा तो लांब भाजल्याचा डाग, तो त्यांनी बाही वर करून दाखवला. वाफेचा पाइप फुटला होता. दार सापडेना. एका फिलिपिनो गड्यानं ह्यांना पाय धरून ओढत बाहेर काढलं. "तेचा नाव रॉमी. तेच्या पोराच्या लग्नाक बोलवल्यान, माका जावक जमला नाय."

मला सांगितलं होतं — चहा सांडला.

१४ डिसेंबर, रविवार

आनंद व्हायला हवा ना? हे बोलले! जे मागितलं ते मिळालं. आणि मी सकाळपासून तोंड फुगवून बसलेय.

तीस वर्षांची बायको मी. आणि हे कळलं मला कधी? अख्ख्या गावाबरोबर, शेणावर बसून! हे मरता मरता वाचले आणि मला सांगितला चहा! कालच्या पोरीला सगळं सांगितलं. राग आला, खूप आला. चुलीच्या धुराचं निमित्त करून रडून घेतलं.

हौसाकाकीला नवा चष्मा, काही सुटत नाही. "घोव बोलना नाय म्हणान रडी होतंस. आता बोललो म्हणान रडतंस. तुका देवान देवचा तरी काय?"

हसू आलंच. पण राग गेला नाही. दुपारी भांडी घासताना विचार करत बसले. दर सुट्टीत मी काय विचारायचे? दर्या कसो होतो? वादळ लागला? खंय खंय फिरलात? हे म्हणायचे, "बरो होतो." मी म्हणायचे, सांगत नाहीत, घुमे आहेत. अरे पण ज्या माणसानं दर्या पाहिलाच नाही तो सांगणार काय! त्या मुलीनं खाली कसं असतं ते विचारलं. मला खाली काही असतं हेच कधी सुचलं नाही.

संध्याकाळी विचारलंच. भात उपसताना, अगदी सहज विचारल्यासारखं. "ता चायचा कित्या सांगलात?"

"तू भियली असतंस."

"मगे आता?"

ह्यांनी ताट पुढे केलं. बायका पलीकडे फुगड्या घालत होत्या. मी गेले आणि चार घालून आले, तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं.

१५ डिसेंबर, सोमवार

देवानं कौल दिला, परत आलो. गुरांना हाकावंच लागलं नाही, आधी पोचली. अंगणात सुक्या पानांचा पातेरा, ओटीवर कोळ्यांची जाळी, आणि घराला बंद पेटीसारखा वास. मी दिवा लावला, केर काढला, चहा ठेवला.

हे मागच्या दारी गेले. मी चहा घेऊन गेले तर हे खाडीकडे तोंड करून उभे. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी हाक मारली नाही. चहा पायरीवर ठेवून आत आले.

१७ डिसेंबर

वार्तापत्र लिहून काढलं. "निसर्गरम्य वातावरणात व ग्रामस्थांच्या लक्षणीय उपस्थितीत." म्हशींचा उल्लेख टाळला. पळणीतल्या गप्पांत क्लबाला नवे सभासदही मिळाले. भाई इतके खूश की माझी चूक आता त्यांची कल्पना झाली आहे. मालवणात सांगत फिरतायत, "गावपळणीत कार्यक्रम घ्यायचं मीच सुचवलं."

घरी येऊन ह्यांनाच गळ घातली. "जानेवारीचे वक्ते तुम्ही! विषय — इंजिनात तीस वर्षं." हे म्हणाले, "सांगूचा होता ता सांगान झाला." आणि मागे जाऊन विहिरीचा पंप खोलला.

दिवसभर तेवढंच वाक्य. म्हणजे गाडी पुन्हा मूळ पदावर. तीन दिवस गाव बाहेर होता, तेवढे दिवस नवराही बाहेर आला होता, असं समजायचं. मी नाराज आहे. खोटं कशाला लिहू?

१८ डिसेंबर

दीपिकाचा मेसेज, कोचीला निघाली. खाली लिहिलंय, "काकांक सांगा, इंजिन बरां चलता." ह्यांना वाचून दाखवला. "तेल बघीत ऱ्हव म्हण," म्हणाले.

कळवलं.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी वही उघडली तर हे समोर येऊन बसले. "रोज काय लिवतंस?"

"क्लबाचा."

"नाय." मग म्हणाले, "तीस वर्सां मी फोनार इचारी होतंय, बरां मा? तू सांगी होतंस, बरां आसा. तीस वर्सां कोणाचा बरां नसता किशोरी. मी भियतलंय म्हणान सांगूक नाय मा? आता सांग. तुझी आवस गेली, मी येवक नाय. थयसून सांग."

आई गेली तेव्हा हे बोटीवर होते. चहा ठेवते म्हणून आत आले आणि एवढं लिहितेय. ओटीवर बसून वाट बघतायत. जाते.